घर बदलतं तेव्हा तेरा ते अठराच्या मुलांना कसं सांभाळायचं

चूल वेगळी झाली, वडील नोकरीला पुण्याला किंवा गोव्याला गेले, आई भांडून माहेरी परत आली, घरातलं कर्तं माणूस गेलं, किंवा वडिलांनी दुसरं लग्न केलं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या घरांत यातलं एखादं तरी आज ना उद्या घडतंच. वाढत्या वयातल्या मुलांवर याचा काय परिणाम होतो यावर पुष्कळ अभ्यास झाला आहे. त्यातून सारखं पुढं येतं ते हे, की घरात माणसं किती उरली यापेक्षा तीन गोष्टी मुलाला जास्त मोडतात: मोठ्यांचं न संपणारं भांडण, घरातला पैसा एकदम आटणं आणि एकापाठोपाठ एक होणारे बदल. हे तिन्ही आवरलं तर बहुतेक मुलं साधारण दोन वर्षांत सावरतात. एकट्या आईच्या घरात धडधाकट वाढलेली मुलं आणि भरल्या वाड्यात कुढत राहिलेली मुलं, दोन्ही आपल्याकडं आहेत.

म्हणून खालच्या सगळ्या सूचनांमागं एकच हिशेब आहे. घर बदलणार असेल तर बदलू द्या, पण त्याच वेळी मुलाचं दुसरं काही बदलू नका.

सांगायचं कधी आणि कसं

शक्यतो आईवडील दोघांनी मिळून सांगावं. जमत नसेल तर मूल ज्याच्याजवळ राहणार आहे त्यानं. आत्ती, मामा किंवा शेजारची काकी यांच्या तोंडून कळू देऊ नका. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावरची दुपार सोयीची पडते. पुढचा दीड दिवस मूल घरात असतं, रडायला आणि रागवायला मोकळं असतं. परीक्षेच्या आठवड्यात किंवा रविवारी रात्री झोपताना हा विषय काढू नका.

पंधरा मिनिटं पुरतात. काय झालं ते दोन वाक्यांत, काय बदलणार ते तारखेसह, आणि काय बदलणार नाही ते. उदाहरणार्थ: "मी आणि तुझे बाबा यापुढं वेगळे राहणार. एक तारखेपासून आपण आज्जीकडं जाणार. तुझी शाळा, तुझी शिकवणी आणि तुझं कबड्डीचं मैदान तेच राहणार. यात तुझं काही चुकलेलं नाही." शेवटचं वाक्य सोळा वर्षांच्या पोरालाही सांगावं लागतं. तो 'माहीत आहे' म्हणेल, तरी सांगा. मात्र "तू कुणाकडं राहणार?" हा प्रश्न त्या दुपारी विचारू नका. त्याचं उत्तर द्यायचं म्हणजे एकाला सोडायचं, आणि ते ओझं मूल वर्षानुवर्षं बाळगतं.

बरीच मुलं नुसतं "बरं" म्हणून उठतात आणि मित्राकडं निघून जातात. म्हणजे त्यांना काही वाटलं नाही असं नाही. तीन-चार दिवसांनी पुन्हा विषय काढा, पण समोर बसवून नव्हे. या वयातली मुलं नजरेला नजर नसली की बोलतात: गाडीवर मागं बसल्यावर, शेंगा फोडताना, गोठ्यात काम करताना.

सगळ्यात जास्त बिघडतं ते अर्धवट खोटं सांगितल्यानं. "बाबा कामाला गेलेत" म्हणून सहा महिने काढायचे, आणि संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला गेलेल्या पोराला खरी गोष्ट दुसऱ्याच कुणाकडून कळायची. त्यानंतर तुम्ही खरं सांगितलं तरी तो ते तपासून बघतो.

कोपरा आणि झोप

नव्या जागेत सामान लावताना आधी मुलाचा कोपरा लावा: अभ्यासाची जागा, दिवा, कुलूप लागणारा एक खण. मुलगी असेल तर कपडे बदलायला कडी असलेली खोली आणि संडासाची सोय आधी बघा, मग कपाटं. या वयाला रात्री आठ ते दहा तास झोप लागते. पाहुण्यांच्या गर्दीत बाहेरच्या सोप्यात झोपवलेल्या मुलाला ती मिळत नाही, आणि त्याच्या चिडचिडीचा दोष मग घटस्फोटाला दिला जातो.

आई माहेरी परतली असेल तर आजोळ आता चार दिवसांच्या सुट्टीचं राहत नाही. कितीही मायेचं असलं तरी पहिल्याच महिन्यात दर महिन्याला घरखर्चाला किती द्यायचे ते ठरवा, आणि ते मामीच्या हातात द्या. रक्कम लहान असली तरी चालेल. पैसे ठरलेले नसले की त्याची फेड मुलीच्या कामातून होऊ लागते. धुणी-भांडी, मामाच्या लहान पोरांना सांभाळणं, आणि दहावीचं पुस्तक रात्री दहानंतर.

सीमेपलीकडची शाळा

आपल्याकडचा खरा पेच इथं आहे. लग्नं महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या आरपार होतात. सासर चंदगड-गडहिंग्लजला, माहेर खानापूर-बेळगावला, किंवा उलट. घर मोडलं की मुलाचं राज्यही बदलतं. माध्यम मराठीच राहतं, पण महाराष्ट्रात बालभारतीची पुस्तकं आणि कर्नाटकात कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाची. धड्यांचा क्रम वेगळा, इतिहास वेगळा, शिवाय कन्नड. कोल्हापूरकडून आठवीत आलेल्या मुलानं तोवर कन्नड अक्षर पाहिलेलंही नसतं. इकडून तिकडं गेलेल्याला हिंदीत मागं पडल्यासारखं होतं, पण लिपी ओळखीची असल्यानं ते लवकर भरून येतं.

शक्य असेल तर बदली एप्रिल-मेच्या सुट्टीत करा. कर्नाटकातल्या शाळा महाराष्ट्रापेक्षा साधारण पंधरवडाभर आधी सुरू होतात, हे धरून चला. दहावीचं वर्ष सुरू झालेलं असेल तर हलवू नका. वार्षिक परीक्षा होईपर्यंत मूल जुन्या गावी काका-आत्तीकडं राहिलं तरी चालतं, मात्र आईनं दर आठवड्याला भेटायला जायला हवं. नववीत हलवायचंच असेल तर आधी नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा आणि मगच जुन्या शाळेतून दाखला काढा. उलटा क्रम केला की मूल मध्येच लटकतं.

कागद असे लागतात: शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, आधार, जन्मदाखला, आणि पेन क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याला देशपातळीवर मिळणारा कायमचा क्रमांक. कर्नाटकातून जाणाऱ्यांनी एसएटीएस क्रमांकही, म्हणजे तिथल्या राज्याच्या नोंदीतला विद्यार्थ्याचा क्रमांक, लिहून घ्यावा. दुसऱ्या राज्याच्या दाखल्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात, तीही गाव सोडण्याआधीच घ्या. बेळगाव जिल्ह्यात शिक्षण खात्याचे दोन जिल्हे आहेत, बेळगाव आणि चिक्कोडी, तेव्हा आपला तालुका कुठल्यात येतो ते बघून मगच हेलपाटा घाला. सासरचे लोक दाखला अडवून धरतात, हा नेहमीचा डाव आहे. मूल आठवीपर्यंतचं असेल तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं पाचवं कलम दाखवा: सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

कन्नडसाठी सुट्टीत रोज अर्धा तास पुरे, आणि तो शिकवणीपेक्षा शेजारच्या नववी-दहावीच्या पोराबरोबर बरा. वर्णमालेचा क्रम आपल्यासारखाच आहे. अडतं ते ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ वेगळे लिहिण्यात आणि जोडाक्षरांत. जून उजाडेपर्यंत दुकानाच्या पाट्या वाचता आल्या तर वर्गात मान खाली घालून बसायची वेळ येत नाही.

पहिल्या चाचणीत गुण घसरले की घरात लगेच "आईबापाच्या भांडणाचा परिणाम" असं म्हणतात. थांबा, आधी विषयवार बघा. गणित-विज्ञान टिकलं आणि कन्नड-समाज पडलं, तर ती भाषेची अडचण आहे, तिला शिकवणी लागते. आवडीचा विषयसुद्धा पडला, वह्या कोऱ्या राहू लागल्या, तर मात्र ते घरातलं आहे.

दोन घरांमध्ये

वेगळे झालेल्या आईबापांमध्ये मुलाला टपाल्या बनवू नका. "बापाला सांग फी भरायला" हे वाक्य जून महिन्यात सीमाभागातल्या कितीतरी मुलांच्या पोटात गोळा आणत असेल. फी, औषध, प्रवास यांचे निरोप मोबाईलवर लिहून एकमेकांना पाठवा. लिहिलेलं पुढं न्यायालयातही कामाला येतं.

भेटीचे वार भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. सणांचं दोन महिने आधी ठरवा. गणपती बहुतेक वडिलांकडचा असतो, तर दिवाळी आईकडं, अशी वाटणी सोपी पडते. बेळगावात वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांना चौदा-पंधराच्या पोराला आईबरोबरही जायचं नसतं आणि बापाबरोबरही. त्याला त्याच्या मंडळाबरोबर जाऊ द्या. चौदाच्या पुढं भेटीचं वेळापत्रक मुलाच्या सामन्यांना आणि परीक्षांना वळवून घ्यावं लागतं. ओढून नेलेल्या भेटीत मूल मोबाईलमध्ये डोकं घालून बसतं आणि वडील समजतात की आईनं शिकवून पाठवलंय.

परत आल्यावर पहिला अर्धा तास काही विचारू नका. "जेवलास काय?" एवढंच. तिकडं कोण होतं, काय शिजलं, नवीन गाडी घेतली काय, ही उलटतपासणी सुरू झाली की मूल दोन्हीकडं खोटं बोलायला शिकतं. आणि मुलासमोर सासरच्यांचा उद्धार करणाऱ्या आज्जीला थांबवायचं काम आईचंच आहे. मुलात अर्धं रक्त त्याच घराचं असतं, ती शिवी त्यालाही लागते.

मुली आणि आईला भेटीच्या प्रवासासाठी शक्ती योजनेची सोय आहे. कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवून राज्यातल्या राज्यात सरकारी साध्या बसनं फुकट जाता येतं.

ताब्याचा अर्ज १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली, मूल नेहमी जिथं राहतं तिथल्या न्यायालयात करतात. म्हणूनच काही घरांत मुलाला रातोरात सीमेपलीकडं नेलं जातं. त्यानं खटला सोपा होत नाही, मूल मात्र घाबरट होतं. समज आलेल्या मुलाचं म्हणणं न्यायाधीश विचारात घेऊ शकतात, पण निर्णय त्याच्या हिताचा बघून दिला जातो. हे मुलाला स्पष्ट सांगा: "तू बोल, ठरवणार न्यायाधीश." पढवून नेऊ नका, पढवलेलं उत्तर लगेच ओळखू येतं.

वाटणी झाली तर

भावाभावांची वाटणी होताना शेत, विहिरीचं पाणी, गोठा सगळं मांडलं जातं. पोरांचं जाणंयेणं कुणी मांडत नाही. चौदा वर्षं एका अंथरुणावर झोपलेली चुलत भावंडं एका भिंतीच्या दोन बाजूंना जातात आणि दुसऱ्या दिवसापासून "तिकडं जायचं नाही." भिंत घालण्याआधी पंचांसमोरच बोलून घ्या: आज्जीकडं जेवायला, चुलत भावाबरोबर अभ्यासाला, दोन्हीकडून मुभा. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २००० रुपये रेशनकार्डावरच्या घरप्रमुख बाईच्या नावानं येतात, त्यावरून सासूसुनेत वाजतं. तो वाद पोरांच्या कानाआड ठेवा.

एक मात्र खरं, की काही मुलामुलींना वेगळं होणं मानवतं. ज्या मुलीनं आईला रोज बोलणी खाताना पाहिलं, ती दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात जास्त हसते. प्रत्येक बदल म्हणजे नुकसान असं धरून तिची कीव करू नका.

घरातलं माणूस गेल्यावर

विधीत भाग घ्यायचा की नाही हे मुलाला विचारा, मुलीलाही विचारा. शाळेत परत पाठवण्याआधी वर्गशिक्षकांना कळवा, म्हणजे पहिल्याच तासाला "इतके दिवस कुठं होतास?" असं सगळ्यांसमोर कुणी विचारणार नाही.

"आता तूच घरातला कर्ता" हे वाक्य भेटायला येणारा प्रत्येक जण बोलतो. चांगल्या मनानं बोलतो, पण तेराव्या दिवसापासून पोरगं रडायचं बंद करतं आणि दोन महिन्यांत बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात किंवा गोव्याच्या हॉटेलात कामाला जायचं म्हणतं. अठराच्या आत फौंड्रीसारखं धोक्याचं काम कायद्यानं बंद आहे, चौदाच्या आत तर कारखान्या-हॉटेलातलं कुठलंच काम चालत नाही. त्याला घरातलं एखादं ठरावीक काम द्या, लाईट बिल भरण्यासारखं. कर्जाचा आकडा त्याच्यापुढं मांडू नका.

मुलीच्या बाबतीत घाई वेगळी असते. "वर्षाच्या आत कार्य उरका, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल." या रूढीपायी सोळा-सतराच्या मुली बोहल्यावर चढतात. अठराच्या आतलं लग्न गुन्हा आहेच. शिवाय कर्नाटकाच्या २०१६ च्या दुरुस्ती कायद्यानं असं लग्न मुळातच अवैध ठरतं. भावकी ऐकत नसेल तर आईनं किंवा मुलीनं स्वतः मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या क्रमांकाला फोन करावा.

पैशाची तूट भरायला केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेची मदत आहे: विधवा, घटस्फोटित किंवा टाकलेल्या आईच्या मुलाला, तसंच नातेवाइकांकडं राहणाऱ्या अनाथ मुलाला महिन्याला ४००० रुपये. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा खेड्यात ७२,००० आणि शहरात ९६,००० रुपये. अर्ज जिल्हा बालसंरक्षण कक्षात करायचा. नाडकचेरीतून, म्हणजे जवळच्या महसूल कचेरीतून, उत्पन्नाचा दाखला, मृत्यूदाखला किंवा न्यायालयाचा कागद, शाळेचा बोनाफाईड आणि बँक पासबुक बरोबर न्या. मंजुरी समितीकडून येते, वेळ लागतो, तेव्हा पहिल्याच महिन्यात अर्ज टाका. नवरा हयात असून पोसत नसेल तर पोटगीचा अर्ज १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाखाली होतो, आणि तो बायको राहते त्या गावच्या न्यायालयातही करता येतो.

वडील लांब असतील तर

फौजेत, पुण्याच्या कंपनीत, गोव्यात. फोनची वेळ ठरवा आणि त्यातली दहा मिनिटं मुलाची. "मार्क किती" हा पहिला प्रश्न नको. घरी आईनं "बाबा आले की बघ तुला" म्हणणं बंद करावं, नाहीतर वडील सुट्टीवर येतात ते शिक्षा घेऊनच. सुट्टीवर आलेल्या बापानं पहिले चार दिवस एकही नवा नियम काढू नये. घर त्याच्यावाचून चाललेलं असतं, ते कसं चालतं ते आधी बघावं. फौजी चाळिशीच्या आसपास निवृत्त होऊन कायमचा घरी येतो, तेव्हा पोरं नेमकी पंधरा-सोळाची असतात. पेढे वाटून साजरा होणारा हा बदलही तेवढाच अवघड असतो.

नवी आई, नवे वडील

दहा ते चौदा हे वय नव्या माणसाला स्वीकारायला सगळ्यात कठीण. "आई म्हण" असा हट्ट नको, मावशी किंवा काकी चालतं. शिस्त, मोबाईल, पैसे यांवर नाही म्हणायचं काम सख्ख्या पालकाचं. नव्यानं आधी नुसती ओळख वाढवावी, आणि त्यासाठी वर्ष-दोन वर्षं धरावीत. गेलेल्या आईचा फोटो भिंतीवरून काढू नका. मुलीनं घरातल्या कुणाही माणसाबद्दल नको ते वागणं सांगितलं तर उलट प्रश्न न विचारता ऐका, तिला त्या माणसाबरोबर एकटी ठेवू नका, आणि १०९८ किंवा पोलिसांना कळवा.

मदत कधी घ्यायची

चिडचिड, दार आपटणं, चार दिवस अबोला हे चालायचंच. पण झोप, जेवण, अभ्यास, मित्र यातलं दोन-तीन गोष्टींचं बिनसणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, कारण सापडत नसताना पोट किंवा डोकं सारखं दुखू लागलं, अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या, आवडीच्या वस्तू तो वाटून टाकू लागला, "मी नसलो तर बरं" असं बोलला, तर थांबू नका. सरळ विचारा: "जीव द्यायचं मनात येतं काय?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. शेतीघरात कीटकनाशक आणि तणनाशक त्याच दिवशी कुलपात जायला हवं, किल्ली एका मोठ्या माणसाच्या कमरेला. प्यायल्याचा नुसता संशय आला तरी मीठ-पाणी पाजून उलटी काढत बसू नका, डबा बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा. १०८ वर रुग्णवाहिका मिळते. गुन्हा दाखल होईल या भीतीनं उशीर करू नका: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं जीव देऊ पाहणारा तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं.

टेली मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा, १४४१६, दिवसरात्र आणि फुकट. भाषा निवडता येते, मराठी मागा. सरकारी दवाखान्यात वाढत्या वयाच्या मुलांसाठी स्नेहा क्लिनिक असतं, बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. समुपदेशक कन्नड बोलणारा निघण्याची शक्यता मोठी. आपली पोरं बाजारापुरतं कन्नड सहज बोलतात, पण बाप गेल्याचं दुःख त्या भाषेत सांगता येईलच असं नाही. मराठी जाणणारं कुणी आहे का ते आधी फोनवर विचारा. नसेल तर दुभाषा म्हणून ओळखीच्या शिक्षिकेला न्या, आई किंवा मामाला नको. ज्यांच्याबद्दल बोलायचं तेच शेजारी बसले तर मूल "सगळं बरं आहे" म्हणून उठतं. पहिल्या भेटीत निम्मा वेळ मुलाला एकट्याला द्यायला सांगा, आणि ते काही बोललं नाही तरी पुढची तारीख घेऊनच निघा.